पायरियाचं मूळ फक्त कीटणात नाही

हिरड्यांतून रक्त येतं, दात हलतात, तोंडाला वास येतो म्हणून माणूस दंतवैद्याकडे गेला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवसातून किती वेळा दात घासता? एकदा म्हटलं तर उपदेश, दोनदा म्हटलं तर अविश्वास. मग स्केलिंग होतं, कीटण निघतं, काही महिने बरं वाटतं. पुष्कळांचं दुखणं तिथंच आटोक्यात येतं. पण काही जणांचं वर्ष-दोन वर्षांत पुन्हा डोकं वर काढतं, आणि त्यांना पुन्हा तोच प्रश्न ऐकावा लागतो. घरातही तेच. पायरिया झाला म्हणजे माणूस आळशी, अस्वच्छ, असा शिक्का बसतो आणि तो सहजी पुसला जात नाही.

हा शिक्का अन्यायाचा आहे असं मी मानतो. त्याहून वाईट म्हणजे तो उपचाराला अर्ध्या वाटेवर अडवून धरतो. पायरियात, म्हणजे हिरड्यांच्या जुनाट आजारात, दाताभोवतीचं हाड झिजतं ते बहुतांशी आपल्याच प्रतिकारयंत्रणेच्या न थांबणाऱ्या माऱ्यानं. जंतू त्या माऱ्याला निमित्त पुरवतात आणि तो चालू ठेवतात. तेव्हा जंतू खरवडून काढण्याबरोबर हा मारा थोपवणारं औषध शोधणं, तपासणं आणि परवडणाऱ्या किमतीत उपलब्ध करणं हे सार्वजनिक आरोग्याचं काम आहे. महाराष्ट्रानं त्यात बघ्याची भूमिका घेऊ नये.

या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा माझ्या मते श्रीलंकेच्या चहामळ्यांतला आहे. हॅराल्ड लो हे नॉर्वेचे दंतशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० पासून १५ वर्षं तिथल्या ४८० पुरुष मजुरांची तोंडं पुन्हापुन्हा तपासली. या मजुरांना दात घासायची सवय नव्हती आणि दंतवैद्याचा उपचार त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. सगळ्यांच्या दातांवर जंतूंचा थर, सगळ्यांच्या दातांवर कीटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. घाण एवढंच कारण असतं तर सगळ्यांचे दात साधारण एकाच वेगानं हलायला हवे होते. १९८६ साली निष्कर्ष छापून आले ते वेगळेच. ८ टक्के मजुरांचा आजार झपाट्यानं वाढला होता, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीनं, आणि ११ टक्क्यांचा हिरड्या सुजण्यापलीकडे गेलाच नव्हता. पस्तिशीत पहिल्या गटातल्या मजुरांच्या दातांचा आधार सरासरी ९ मिलिमीटर खाली गेलेला, तर शेवटच्या गटात तो १ मिलिमीटरही हललेला नाही. काम एक, खाणंपिणं जवळपास एक, न घासलेले दात तर सगळ्यांचेच. उपचाराविना राहिलेल्या त्या माणसांनी विज्ञानाला जे दिलं त्याची परतफेड अजून झालेली नाही, हेही इथेच नोंदवतो.

याच लो यांनी त्याआधी, १९६५ मध्ये, डेन्मार्कमध्ये एक छोटा प्रयोग केला होता. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगितलं. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सगळ्यांची सूज उतरली. हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचले की चित्र स्पष्ट होतं. दात घासले नाहीत तर हिरडी प्रत्येकाची सुजते. पण सुजेवरून हाड झिजण्यापर्यंत कोण जाणार आणि किती वेगानं जाणार, हे ठरवण्यात त्या माणसाच्या शरीराचा वाटा फार मोठा असतो. पहिली गोष्ट आपण शाळेपासून शिकवतो. दुसरी गोष्ट पेशंटला जवळपास कुणीच सांगत नाही.

हिरडीच्या आत काय चाललेलं असतं? दंतवैद्याकडे एक बारीक सळई असते, टोकाकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सरकवून खोली मोजतात, एकेका दाताभोवती सहा ठिकाणी. निरोगी तोंडात ती दोन-तीन मिलिमीटरवर अडते. आजारी दाताशी पाच, सहा, कधी आठपर्यंत आत जाते आणि बाहेर काढली की खुणांवर रक्त दिसतं. या खोल फटीत जंतूंचा थर असतोच, पण तिथं सगळ्यात मोठी गर्दी असते ती आपल्या पांढऱ्या पेशींची. न्यूट्रोफिल नावाच्या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून सतत तिकडे धाव घेत असतात. हिरडी दाबल्यावर येणारा पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या याच पेशी. जंतू मारायला त्या जी रसायनं सोडतात त्यांनी हिरडीतलं कोलॅजेन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, विरघळतं. इंटरल्यूकिन-१, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१७ अशी निरोप पोचवणारी प्रथिनं वाढतात आणि त्यांच्या सांगण्यावरून हाड खाणाऱ्या पेशी कामाला लागतात. दात ज्या हाडात रोवलेला आहे ते हाड जंतू खात नाहीत. ते आपल्याच पेशी खातात.

एरवी शरीरात असा हल्ला झाला की जंतू आटोक्यात येतात, सूज उतरते, जखम भरते. इथं तसं होत नाही, कारण दात कडक आहे, त्यावर जंतूंचा थर पुन्हापुन्हा बसतो, आणि मोडलेल्या हिरडीतून झिरपणारं प्रथिन आणि रक्तातलं लोह हे काही जंतूंचं आवडतं अन्न आहे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस हा त्यातला सगळ्यात अभ्यासलेला जंतू. त्याला साखरेची गरज नाही, तो प्रथिनांवर जगतो. २०११ मध्ये जॉर्ज हाजिशेंगॅलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की हा जंतू अगदी अल्प प्रमाणात असला तरी तोंडातल्या बाकीच्या जंतूंची सगळी घडी विस्कटतो आणि हाड झिजतं. पण ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे जंतूच नव्हते त्यांच्यात त्यानं एकट्यानं काही केलं नाही. आणि ज्या उंदरांमध्ये कॉम्प्लिमेंट या प्रतिकारयंत्रणेतल्या प्रथिनांच्या साखळीतला एक ठरावीक दुवा नव्हता त्यांचंही हाड शाबूत राहिलं. म्हणजे या जंतूची करामत आपल्या यंत्रणेला वळण लावण्यात आहे. तो सूज वाढवतो, सूज त्याला आणि त्याच्या सोबत्यांना खाऊ घालते, ते वाढले की सूज आणखी वाढते. हे चक्र कुठून तोडायचं हा आजच्या उपचाराचा खरा प्रश्न आहे. आत्तापर्यंत आपण ते एकाच बाजूनं तोडत आलो.

दुसऱ्या बाजूनंही ते तुटतं याचा मला सगळ्यात पटलेला दाखला एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराचा आहे. ल्युकोसाइट ॲढिजन डेफिशियन्सी, प्रकार पहिला. या आजारात न्यूट्रोफिलना रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटता येत नाही, त्यामुळे त्या बाहेर पडून हिरडीपर्यंत पोचतच नाहीत. अशा मुलांचे दात फार लवकर जातात. कित्येक वर्षं स्पष्टीकरण सोपं वाटत होतं: राखणदार पोचत नाहीत, जंतूंना रान मोकळं मिळतं. त्याला धरून उपचार व्हायचे ते अँटिबायोटिकचे आणि वारंवार सफाईचे, आणि तरीही दात जायचेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत निकी मौत्सोपोलोस यांच्या गटानं या पेशंटांच्या हिरड्या तपासल्या तेव्हा निराळंच दिसलं. जंतू दाताच्या पृष्ठभागावरच होते, आतल्या मांसात शिरलेले नव्हते. हिरडीत मात्र इंटरल्यूकिन-१७ उसळलेलं होतं. न्यूट्रोफिल हिरडीत पोचल्या की 'आता पुरे' हा निरोप त्यांच्यामार्फत माघारी जातो. त्या पोचल्याच नाहीत, म्हणून तो निरोपही गेला नाही आणि दाह वाढतच राहिला.

हे २०१४ साली छापून आलं. पुढचं पाऊल २०१७ मधलं. या आजाराच्या एका पेशंटला हिरड्यांचा तीव्र विकार होता आणि कमरेच्या खालच्या बाजूला एक खोल जखम होती, काही केल्या न भरणारी. त्याला उस्टेकिनुमॅब दिलं गेलं, सोरायसिससाठी वापरलं जाणारं इंजेक्शन, जे इंटरल्यूकिन-२३ आणि १२ यांना अडवतं आणि त्यातून १७ चा जोर कमी करतं. आधीच प्रतिकारशक्ती अपुरी असलेल्या माणसाला प्रतिकारयंत्रणा दाबणारं औषध देणं हे वरवर पाहता आगीत तेल ओतण्यासारखं होतं. वर्षभरात त्याची जखम भरली, हिरड्यांचा दाह शमला, आणि गंभीर संसर्ग झाला नाही. एका पेशंटवरून उपचारपद्धती ठरत नाही, हे मान्य. पण 'जंतू मारा, बाकी आपोआप होईल' या समजुतीला या एका माणसानं जो धक्का दिला तो विसरता येणार नाही.

आता सर्वसाधारण पेशंटकडे वळू. त्याच्यासाठी या दिशेनं निघालेलं पहिलं औषध चाळीस वर्षांपूर्वीच्या शोधातून आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात लॉर्न गोलब मधुमेही उंदरांच्या हिरड्यांतलं कोलॅजेन का विरघळतं ते पाहत होते. त्यांनी टेट्रासायक्लिन गटातलं मिनोसायक्लिन दिलं आणि ते विरघळणं कमी झालं. अँटिबायोटिकच ते, जंतू मेले म्हणून फरक पडला असेल असं कुणीही म्हणेल. पण जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांमध्येही तोच परिणाम दिसला. औषध थेट कोलॅजेन तोडणाऱ्या विकरांनाच रोखत होतं. त्यातून डॉक्सिसायक्लिनची २० मिलिग्रॅमची मात्रा, दिवसातून दोनदा, हा उपचार तयार झाला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एवढी कमी मात्रा जंतू मारत नाही, तिचं काम फक्त हिरडीचा नाश आवरण्याचं.

हे औषध फारसं चाललं नाही. युरोपातल्या हिरड्यांच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं, पेरिओडॉन्टॉलॉजी महासंघानं, २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर ते सफाईच्या जोडीला वापरू नये असाच सल्ला दिला. फायदा थोडा, गोळ्या महिनोन् महिने, आणि मूळ औषध अँटिबायोटिक. त्यांचा सल्ला मला समजतो, पण त्यामागचा हिशेब अपुरा वाटतो. श्रीलंकेचे ते ८ टक्के आणि ८१ टक्के एकाच पिशवीत घालून सरासरी काढली तर कुठलंही दाह रोखणारं औषध फिकंच दिसणार. ज्याची हिरडी साध्या सफाईनं बरी होणारच आहे त्याच्यात औषधाला दाखवण्यासारखं काही उरत नाही. ज्याचं शरीर थांबायला तयार नाही असा पेशंट आधी ओळखायला हवा आणि औषधाची परीक्षा त्याच्यावर व्हायला हवी. त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी स्टॅटिनच्या (कोलेस्टेरॉलचं औषध) आणि मेटफॉर्मिनच्या (मधुमेहाचं औषध) हिरडीत लावायच्या जेललाही नकार दिला. त्या जेलवरचं बरंचसं काम आपल्याच देशात झालेलं आहे, पण मुख्यतः एकाच गटाकडून, आणि दुसऱ्या ठिकाणी पडताळा न झालेल्या निष्कर्षावर जगानं विसंबावं अशी अपेक्षा आपणही करू नये. यातून आपल्यासाठी निघणारा अर्थ सरळ आहे: कल्पना आणि कष्ट इथे आहेत, अनेक केंद्रांवर एकत्र चालणारी मोठी चाचणी नाही.

सध्या सगळ्यात आशा वाटावी असं औषध कॉम्प्लिमेंटच्या साखळीवर काम करणारं आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉन लॅम्ब्रिस यांनी १९९६ मध्ये शोधलेल्या कॉम्पस्टॅटिन या रेणूवरून एएमवाय-१०१ तयार झालं. ते साखळीच्या मध्यावरच्या सी-३ या प्रथिनाला अडवतं. त्याच घराण्यातल्या रेणूनं माकडांमध्ये हाडाची झीज कमी झाल्याचं आधी दिसलं होतं. २०२१ मध्ये हिरड्यांना सूज असलेल्या ४० माणसांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं थेट हिरडीत दिली आणि सूज व रक्त येणं लक्षणीय कमी झालं, शिवाय इंजेक्शनं थांबल्यावरही काही आठवडे तो फरक टिकला. ही चाचणी लहान होती आणि झिजलेल्या हाडाचा प्रश्न त्यात सुटलेला नाही, तरी औषध माणसाच्या हिरडीत काम करतं एवढं तिनं दाखवलं.

दुसऱ्या वाटेनं चालतात ते रेझॉल्व्हिन. सूज आपोआप विझत नाही, ती विझवण्यासाठी शरीर ओमेगा-३ मेदाम्लांपासून खास रेणू बनवतं, हे चार्ल्स सेऱ्हान यांचं काम. थॉमस व्हॅन डाइक आणि हातिस हास्तुर्क यांनी रेझॉल्व्हिन ई-१ सशांच्या हिरड्यांना लावलं तेव्हा आजार ओसरला आणि त्याबरोबर पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसही नाहीसा झाला, कुठलंही अँटिबायोटिक न देता. सूज गेली, तिच्याबरोबर जंतूचं जेवण गेलं. ज्या देशात दाढ दुखली की औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय अमॉक्सिसिलिन आणि मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या आणल्या जातात, त्या देशानं जंतू न मारता जंतू हटवणाऱ्या उपचाराकडे तर विशेष लक्ष द्यायला हवं.

यावर दोन आक्षेप हमखास येतात आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला, प्रतिकारयंत्रणा दाबायची म्हणजे संसर्गाला दार उघडायचं. आपल्याकडे ही भीती पुस्तकी नाही. जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. टीएनएफ अडवणारी संधिवाताची औषधं शरीरात दडलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतातच. इंटरल्यूकिन-१७ अडवणाऱ्या औषधांनी तोंडात बुरशी वाढू शकते, कारण तेच इंटरल्यूकिन एरवी तोंडाची राखण करतं. दातांसाठी कुणाचा क्षय जागा व्हावा, हे मला कदापि मान्य होणार नाही. म्हणून सर्वसाधारण पेशंटसाठी सगळ्या शरीरात जाणारी इंजेक्शनं मी मागत नाही. ती त्या दुर्मीळ आजारांसाठी राहू द्यावीत. हिरडी हा हाताशी येणारा अवयव आहे. सुई, जेल, फटीत ठेवायची चकती, सगळं तिथल्या तिथे देता येतं, मात्रा कणभर पुरते आणि नको वाटलं तर थांबवता येते. फुप्फुसाचा किंवा सांध्याचा दाह रोखणाऱ्यांना ही सोय सहसा मिळत नाही. हिरडीच्या डॉक्टरांनी ती वाया घालवू नये.

दुसरा आक्षेप दंतवैद्यांचा. असं औषध आलं की लोक ब्रश सोडतील, स्केलिंगला येणार नाहीत. आधीच 'स्केलिंग केलं की दात ढिले होतात' ही समजूत घराघरांत आहे. खरं तर दात आधीच ढिले झालेले असतात, कीटणानं त्यांना धरून ठेवल्यासारखं भासतं एवढंच. ही काळजी मला रास्त वाटते. चकचकीत जाहिरात करून 'आता सफाईची गरज नाही' असं कुणी विकू लागलं तर नुकसान गरिबाचंच होईल. १९६५ चा प्रयोग सांगतो की जंतूंचा थर निघाला की सूज उतरते, आणि खोल फटीतलं कीटण हातानंच काढावं लागतं. माझी मागणी त्यापुढच्या टप्प्याची आहे: नीट सफाई झाली, पेशंट सांगितल्याप्रमाणे घासतोय, तरी तीन महिन्यांनी सळई सहा मिलिमीटर आत जातेय, अशा वेळी त्याला पुन्हा ब्रशवरून बोलणं ही वैद्यकी नव्हे. चोर सोडून संन्याशाला सुळी देणं आहे ते.

महाराष्ट्राचा संबंध इथे दोन बाजूंनी येतो, मधुमेह आणि तंबाखू. दोन्ही प्रतिकारयंत्रणेचा तोल बिघडवतात, आणि हिरड्यांच्या आजाराच्या २०१७ च्या जागतिक वर्गीकरणात आजाराची गती ठरवताना या दोन गोष्टी मुद्दाम विचारात घेतल्या जातात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब अभ्यासानं २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी दिला. साखर चढलेली राहिली की न्यूट्रोफिल नीट काम करत नाहीत, तरी दाह वाढवणारे निरोप मात्र जास्त सुटतात. जखम भरायलाही वेळ लागतो. उलटही खरं आहे. लंडनमध्ये टाइप-२ मधुमेहाच्या २६४ पेशंटांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हिरड्यांवर कसून उपचार झालेल्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा) वर्षाअखेर दुसऱ्या गटापेक्षा ०.६ टक्का-अंकांनी कमी होतं. मधुमेहाच्या एखाद्या जादा गोळीकडून आपण जी अपेक्षा ठेवतो त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. असं असूनही मधुमेहाच्या दवाखान्यात पायांची तपासणी होते, डोळ्यांसाठी चिठ्ठी दिली जाते, आणि तोंड उघडायला सहसा कुणी सांगत नाही.

तंबाखूचं आपल्याकडचं रूप म्हणजे मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, आणि सकाळी चूल पेटवायच्या आधी बोटानं दात-हिरड्यांवर घासत बसायचं. खेड्यापाड्यांतल्या किती तरी बायकांचा दिवस असा सुरू होतो. पोट साफ होतं, दाढ ठणकायची थांबते, म्हणून ती लावली जाते आणि मग सुटत नाही. जी बाई रोज इतका वेळ दात घासते तिला 'तुम्ही दात घासत नाही' असं सांगणं किती पोकळ आहे! तिची हिरडी मशेरी लागते तिथून खाली सरकत जाते. पन्नाशीच्या आत तिचे पुढचे दात जातात. कवळी परवडत नाही. मग भाकरी आमटीत कुस्करून, मऊ होईपर्यंत वाट पाहून खायची. भुईमुगाचे दाणे, उसाचं कांडं, कच्ची काकडी तिच्या ताटातून कायमची जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तीव्र हिरड्यांचा आजार जगभरात १०० कोटींच्या आसपास माणसांना आहे. त्या आकड्यात या बायका आहेत.

हाड झिजण्याचे परिणाम तोंडापुरते राहत नाहीत, असं आता दिसतंय. हाजिशेंगॅलिस आणि ट्रायँटाफिलोस शव्हाकिस यांच्या गटानं २०२२ मध्ये दाखवलं की हिरड्यांचा दाह असलेल्या उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींवर त्या दाहाची जणू आठवण कोरली जाते. ती मज्जा निरोगी उंदरांत घातली तर त्यांना सांध्यांचा दाह जास्त तीव्र होतो. उंदरांतलं माणसांत जसंच्या तसं लागू होत नाही. पण दातांना शरीरापासून वेगळं काढून त्यांचे वेगळे कॉलेज, वेगळे दवाखाने, आणि विम्यातून वगळलेला खर्च, ही व्यवस्था यापुढे शास्त्राच्या आधारावर टिकणारी नाही. बहुतेक आरोग्य विमे अपघात सोडला तर दातांच्या उपचाराला हात लावत नाहीत. जुनाट दाहाचा आजार म्हणून संधिवाताला जो मान मिळतो तो पायरियाला मिळाला पाहिजे.

'साधं स्केलिंगही न मिळणाऱ्या राज्यात असल्या महागड्या संशोधनावर पैसा कशाला?' असं विचारलं जाईल. तालुक्याच्या रुग्णालयात दंतवैद्याची खुर्ची चालू स्थितीत असणं, हातात अवजारं असणं हे पहिलं, यात मलाही शंका नाही. पण संशोधन दुसऱ्यांवर सोडलं की औषध त्यांच्या पेशंटांवर तपासलं जातं आणि त्यांच्या किमतीत आपल्याकडे येतं. उस्टेकिनुमॅबचंच पाहा. बंगळूरच्या बायोकॉननं त्याचं बायोसिमिलर, म्हणजे त्याच धर्तीचं जैविक औषध, बनवलं आणि २०२४ च्या अखेरीस अमेरिकेत त्याला मान्यता मिळवली. डॉक्सिसायक्लिन तर आपल्याकडे वर्षानुवर्षं स्वस्तात बनतं. औषध करायची क्षमता देशात आहे. पेशंट तर आपल्या दारात रांग लावून उभे आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, या चार ठिकाणी मिळून रोज मोठ्या संख्येनं हिरड्या तपासल्या जातात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं या केंद्रांना एका आराखड्याखाली आणावं, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे सुटे सुटे छोटे प्रबंध एका मोठ्या चाचणीत गुंफावेत, आणि राज्यानं तिला पैसा द्यावा. त्या बदल्यात औषध पुढे बाजारात आलं तर सरकारी रुग्णालयांसाठीचा दर आधीच लिहून घ्यावा.

त्या चाचणीत काय मोजायचं हेही आत्ताच ठरवलेलं बरं. सळईवरचे मिलिमीटर मोजावेतच, पण पाच वर्षांनी तोंडात किती दात उरले, पेशंट भाकरी चावून खातो का, आणि मधुमेह असेल तर त्याचं एचबीए१सी कुठे गेलं, हे मोजल्याशिवाय निकाल जाहीर करू नये. क्षयाची तपासणी सुरुवातीलाच करावी. आणि एक अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अशा चाचण्यांत मधुमेहींना आणि तंबाखू वापरणाऱ्यांना सहसा दारातच परत पाठवतात, कारण त्यांच्यामुळे आकडे विस्कळीत होतात. आपल्याकडे ज्यांचा आजार सर्वांत वेगानं वाढतो ती हीच माणसं. साखर अनियमित असलेला एसटीचा ड्रायव्हर आणि रोज मशेरी लावणारी शेतमजूर बाई, यांची नावं पहिल्या यादीत असावीत, मशेरी सोडवण्याची मदत त्याच खोलीत मिळावी, आणि चाचणीला येण्यासाठी त्यांची जी रोजंदारी बुडेल ती त्यांना भरून द्यावी.